समुद्राच्या पोटातले भोवरे



मागे एका गटाच्या बैठकीत पावसाचा विषय निघाला. भाताची आवणी कधी करायची, कांद्याचं रोप कधी टाकायचं, असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "पाऊस समुद्रावरून येतो असं शाळेत शिकलो. पण समुद्रात नेमकं काय होतं ते कुणी सांगितलंच नाही." त्यांचं खरंच होतं. आम्हालाही फारसं ठाऊक नव्हतं. मग आम्ही वाचत गेलो, जाणत्यांना विचारत गेलो. त्यातून आजची गोष्ट हाती आली. ती आहे समुद्राच्या पोटात फिरणाऱ्या भोवऱ्यांची. ते कसे जन्मतात, किती जगतात, कसे विरतात आणि माणसाला ते कसे कळले, हे आज ऐकू.

भोवरा आपल्याला नवा नाही. घोड, मीना, कुकडी भरून वाहू लागल्या की पुलाच्या खांबापाशी पाणी गरगर फिरतं. "तिकडे जाऊ नको, भोवऱ्यात सापडशील," हे आपण आईकडून ऐकलं आणि पोरांना ऐकवलं. पण समुद्रातला भोवरा वेगळा. तो दोन-चार हात रुंद नसतो, तर पन्नास, शंभर, कधी पाचशे किलोमीटर रुंद असतो. त्याच्या मधोमध नाव उभी असली तरी नाखव्याला तो दिसत नाही. काही भोवरे तर पाण्याच्या वरच्या अंगाला दिसतच नाहीत. ते शेकडो मीटर खाली, अंधारात, महिनोन्‌महिने फिरत असतात.

आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. नाणेघाटाच्या कड्यापासून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात याच घाटाने कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरातला माल जुन्नरला यायचा. घाटातल्या गुहेत नागनिका राणीचा लेख आहे, आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण आपण सहलीला जाऊन पाहिला आहे. जुन्नरच्या लेण्यांत काही दानलेख आहेत, त्यांत देणाऱ्यांची नावं 'यवन' म्हणून कोरलेली आहेत. यवन म्हणजे समुद्रापलीकडून, पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. चित नावाच्या यवनाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. अरबी समुद्र ओलांडून आलेली ही माणसं आपल्या डोंगरात पाण्याची सोय करून गेली.

ही माणसं येत कशी होती? वाऱ्यावर. पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्रप्रवासाचं पुस्तक आजही उपलब्ध आहे. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखलं जातं. त्यात कल्याण, सोपारा, भडोच, पैठण यांची नावं येतात. जहाजं जुलैच्या सुमाराला इजिप्तच्या बंदरातून निघायची आणि नैर्ऋत्येचा वारा शिडात भरून आपल्या किनाऱ्याला लागायची. त्याच पुस्तकात आफ्रिकेच्या टोकाजवळच्या, म्हणजे आजच्या सोमालियाच्या, एका बंदराची सूचना आहे. तिथे खोल पाणी गढूळ होऊन रंग बदलू लागलं की तुफान येणार असं समजायचं आणि आडोसा गाठायचा. आपण ढगाचा रंग पाहून वाळवण आत घेतो, तसे ते पाण्याचा रंग पाहून जहाज आत घेत. समुद्राच्या आत काहीतरी घडतं आणि त्याची खूण वर उमटते, एवढं त्यांना कळलं होतं. आत काय घडतं, ते कळायला मात्र पुढे अठराशे वर्षं गेली.

सोमालियाच्या त्याच किनाऱ्यापुढे दर पावसाळ्यात एक प्रचंड भोवरा तयार होतो. इंग्रज भूगोलकार अलेक्झांडर फिंडले यांनी 1866 साली खलाशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात त्याचं वर्णन केलं. आज त्याला 'महाभोवरा' म्हणता येईल. त्याची रुंदी चारशे ते सहाशे किलोमीटर असते. तो वर्षातले सहा महिने आणि वर काही दिवस जगतो. मोसमी वारा पडल्यावरही तो काही आठवडे फिरतच राहतो. ताकातली रवी थांबवली तरी ताक थोडा वेळ फिरत राहतं, तसंच हे. त्याच्या कडेने आणि किनाऱ्याला लागून खालचं थंडगार पाणी वर येतं.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की वरवर लाटा आणि प्रवाह काही का असेनात, खोल समुद्र मात्र शांत, संथ, एका दिशेने सरकणारा आहे. ही समजूत मोडली ती बांधकामाच्या नळ्यांनी. इंग्लंडमध्ये जॉन स्वालो नावाचे शास्त्रज्ञ होते. 1955 साली त्यांनी इमारतीच्या परातीला वापरतात तसल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या, दोन्ही तोंडं बंद केली, आत बॅटरी आणि टिकटिक आवाज करणारं यंत्र बसवलं आणि नळी समुद्रात सोडली. खोल जाताना पाणी दाबाने जास्त दाट होतं, नळी त्या मानाने कमी दबते. त्यामुळे ठरावीक खोलीवर नळीचं आणि पाण्याचं वजन सारखं होतं आणि नळी ना वर ना खाली, तिथेच तरंगत राहते. पाणी नेईल तिकडे ती जाते. वर जहाजातली माणसं कान देऊन तिचा आवाज ऐकत तिचा माग काढतात.

1959-60 मध्ये 'एरीज' नावाच्या लहान शिडाच्या नौकेवरून बर्म्युडा बेटाजवळ स्वालोंच्या या नळ्यांचा पाठलाग झाला. अपेक्षा होती, की नळ्या अगदी हळू, एकाच दिशेने सरकतील. पण त्या अंदाजापेक्षा सुमारे दहापट वेगाने पळाल्या. शेजारच्या दोन नळ्यांची तोंडं वेगळ्या दिशेला, आणि महिन्याभराने त्याच जागी दिशा आणखी तिसरीच! खोल समुद्र शांत नव्हता. त्यात काहीतरी फिरत होतं.

त्याच वर्षांत आपल्या समुद्राकडे जगाचं लक्ष वळलं. 1959 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं आली, आपल्या नौदलाची 'आय.एन.एस. कृष्णा' हीदेखील त्यात होती. स्वालोही आले. 1964 च्या पावसाळ्यात त्यांनी आणि जॉन ब्रूस यांनी सोमालियाच्या किनाऱ्यापुढे, खवळलेल्या समुद्रात, प्रवाह मोजले. या मोहिमेतूनच 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. ती आज गोव्यात दोना पावला इथे आहे.

1967 साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राचाच एक मोठा तुकडा निवडला आणि तिथे प्रवाह पुन्हा पुन्हा मोजले. शेताचं माती परीक्षण करताना आपण एकाच कोपऱ्यातली माती घेत नाही, ठिकठिकाणची घेतो, तसं त्यांनी केलं. त्यांना शेकडो किलोमीटर रुंदीच्या भोवऱ्यांच्या खुणा सापडल्या. 1970 मध्ये त्यांनी अटलांटिक महासागरात यंत्रं नांगरून सहा महिन्यांच्या आसपास तीच मोजणी केली, तेव्हा शंका उरली नाही. पाठोपाठ अमेरिकी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनीही 1973 मध्ये तेच पाहिलं. समुद्र म्हणजे संथ वाहणारी नदी नव्हे. तो एकमेकांना घासत फिरणाऱ्या भोवऱ्यांनी भरलेला आहे.

भोवरे आहेत हे कळलं. पण ते मरतात कसे? हा प्रश्न जास्त अवघड होता. कारण त्यासाठी एकच भोवरा धरून ठेवायला हवा, आणि तो म्हातारा होईपर्यंत त्याच्या मागे राहायला हवं.

हे समजायला आधी खारट पाण्याचं गणित पाहू. भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, इराणचं आखात हे जमिनीने वेढलेले समुद्र आहेत. कडक उन्हात त्यांचं पाणी आटतं आणि मीठ मागे राहतं. इराणच्या आखातात लिटरभर पाण्यात सुमारे चाळीस ग्रॅम मीठ असतं, अरबी समुद्राच्या वरच्या पाण्यात छत्तीसच्या आसपास. जास्त खारट पाणी जड. ते अरुंद तोंडातून बाहेर पडतं आणि खाली बुडतं. इराणच्या आखाताचं पाणी आपल्या समुद्रात दोनशे-तीनशे मीटर खोलीवर स्थिरावतं, तांबड्या समुद्राचं त्याहून खाली, सहाशे ते नऊशे मीटरच्या आसपास. तिथे ते किनाऱ्यालगत वाहत असताना एखाद्या भूशिराला वळसा घालतं, आणि त्याचा एक गोळा सुटून स्वतःभोवती फिरू लागतो. मधे फुगीर, कडेला निमुळता, भिंगासारखा किंवा मसुराच्या दाण्यासारखा. हाच पाण्याखालचा भोवरा.

भूमध्य समुद्रातून अटलांटिकमध्ये पडणारे असे भोवरे शास्त्रज्ञांनी सर्वांत आधी बारकाईने अभ्यासले. ते साधारण एक किलोमीटर खोलीवर असतात, चाळीस ते शंभर किलोमीटर रुंद, आणि एक फेरी पुरी करायला सुमारे सहा दिवस घेतात. 1984 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने असा एक भोवरा गाठला आणि त्याचं नाव ठेवलं शेरॉन. स्वालोंच्या नळ्यांच्या पुढच्या पिढीतले तरंगे त्याच्या पोटात सोडले. दोन वर्षांत चार वेळा जहाज घेऊन गेले, त्याच्या आरपार मीठ आणि उष्णता मोजली. तेवढ्यात शेरॉन फिरत फिरत हजारेक किलोमीटर दक्षिणेकडे सरकला होता.

काय दिसलं? आम्हाला वाटलं होतं, भोवरा फुटत असेल, विखरून जात असेल. तसं झालं नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे एवढ्या मोठ्या पसाऱ्यातलं पाणी सरळ बाहेर ओघळू शकत नाही. ते वळतं आणि गोल फिरत राहतं. म्हणून भोवऱ्याचं पोट कितीतरी काळ जसंच्या तसं राहिलं. झीज सुरू झाली ती कडेने. बाहेरच्या पाण्याचे पातळ थर, पाटवडीच्या थरांसारखे, कडेतून आत सरकू लागले आणि आतल्या खारट पाण्याचे थर बाहेर सरकू लागले. पदराचे काठ आधी विरतात आणि मग वीण आत आत सुटत जाते, तसं. कडेचं विरणं शेवटी मध्यापर्यंत पोचलं. दोन वर्षांनी शेरॉनमधलं बहुतेक जादा मीठ आणि उष्णता आजूबाजूच्या समुद्रात गेली होती.

खालच्या अंगाने आणखी एक गंमत चालते. वर गरम खारट पाणी, खाली थंड आणि कमी खारट पाणी, अशी मांडणी असली की उष्णता झटकन खाली झिरपते, मीठ मात्र मागे राहतं. गार झालेलं खारट पाणी मग जड होतं आणि बारीक धाग्यांनी खाली उतरू लागतं. हे धागे बोटाएवढे किंवा त्याहून बारीक असतात, म्हणून त्यांना 'मिठाची बोटं' म्हणतात. 1956 साली हेन्री स्टोमेल आणि त्यांच्या सोबत्यांना याचा धागा सापडला, 1960 मध्ये मेल्विन स्टर्न यांनी ते नीट मांडलं.

हे गटाच्या बैठकीत करून पाहता येतं. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत माठातलं गार पाणी घ्या आणि ते पूर्ण निवळू द्या. दुसऱ्या भांड्यात तांब्याभर गरम पाण्यात एक लहान चमचा मीठ विरघळवा, बिटाचा रस घालून लाल करा. आता बरणीतल्या पाण्यावर चमचा उलटा धरून त्यावरून हे लाल पाणी अगदी हळू सोडा. आधी लाल थर वर तरंगेल. दोन-चार मिनिटं बरणी हलवू नका. मग थराखालून लाल शेवयांसारखे धागे खाली उतरताना दिसतील. मीठ जास्त झालं तर सगळंच पाणी धपकन खाली बसेल, म्हणून मीठ बेतानेच घाला. समुद्रात शेकडो किलोमीटरच्या पसाऱ्याचा हिशेब शेवटी अशा शेवयांनी चुकता होतो.

सगळ्याच भोवऱ्यांचा शेवट असा निवांत होत नाही. कुणी पाण्याखालच्या डोंगराला धडकून फुटतो. कुणी मोठ्या भोवऱ्यात मिसळून जातो. काहींची ताकद लाटांच्या रूपाने पश्चिमेकडे निघून जाते. पण कोणत्याही वाटेने तो संपला, तरी त्याने आणलेलं मीठ आणि ऊब नाहीशी होत नाही. ती त्या पाण्याची होऊन जाते.

आता ताईंच्या प्रश्नाकडे परत येऊ. याचा आपल्या पावसाशी संबंध काय?

आपल्याकडे हिवाळा असतो, तेव्हा लक्षद्वीपच्या जवळ समुद्र किंचित वर उचललेला असतो, आणि त्याभोवती पाणी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. 1994 मध्ये ज्यांनी या भोवऱ्यावर लिहिलं, त्यांत सोमालियाला गेलेले तेच जॉन ब्रूस होते. 1997 मध्ये गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतले डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी तो कसा तयार होतो ते उलगडून दाखवलं. बंगालच्या उपसागरातली हालचाल भारताच्या टोकाला वळसा घालून किनाऱ्याने वर येते आणि तिथून पश्चिमेकडे पसरते, त्यातून हा उंचवटा बनतो. सोबत बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणीही येतं आणि साईसारखं वर पसरतं. उन्हाळा येईस्तोवर भोवरा पश्चिमेकडे सरकत विरून जातो. मागे राहिलेलं ते हलकं पाणी खालच्या थंड पाण्यात लवकर मिसळत नाही. उन्हाने ते तापत जातं, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथलं पाणी तीस अंशांच्या वर जातं. केरळात पाऊस दाखल होण्याआधी हा गरम पट्टा वाऱ्याला आणि ढगांना बळ देत असावा, असं शास्त्रज्ञ मानतात.

समुद्राच्या दुसऱ्या टोकालाही नातं आहे. 2008 च्या एका अभ्यासात असं दिसलं, की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर थंड पाणी कमी वर आलं, तर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस वाढतो. पाणी गरम, तर वाफ जास्त. ती वाफ सह्याद्रीला अडते. आहुप्याला, भीमाशंकरला, घाटघरला ती धो-धो कोसळते. तेच पाणी डिंभ्यात, माणिकडोहात, वडजमध्ये साठतं, आणि पूर्वेकडच्या कांद्याला, टोमॅटोला, द्राक्षांना मिळतं.

मग भोवरे पाहून यंदाचा आपल्या गावचा पाऊस सांगता येतो का? नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण देशाच्या पावसाचा अंदाज बांधणारी गणितं समुद्राशिवाय होत नाहीत. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2012 पासून 'मान्सून मिशन'खाली जे काम चालतं, त्यात हवा आणि समुद्र एकत्र मांडले जातात. संगणक समुद्राचे मोठमोठे चौकोन पाडतो. मिठाची बोटं त्या चौकोनात दिसतच नाहीत, ती फार बारीक. म्हणून मिसळण्याचा वेग बाहेरून, मोजमापावरून घालावा लागतो. तो चुकला तर समुद्र खोटाच गरम किंवा खोटाच गार ठरतो, आणि पावसाचा अंदाज ढळतो. दोन वर्षं एका भोवऱ्याच्या मागे राहिलेल्या माणसांची मेहनत इथे कामाला येते. माळीणचा 30 जुलै 2014 चा दिवस आपल्या तालुक्याने पाहिला आहे. पावसाची खबर थोडी आधी आणि थोडी खरी मिळणं म्हणजे काय, हे आंबेगावच्या बाईला वेगळं सांगायला नको.

आज हे मोजण्याचं काम पुष्कळसं यंत्रं करतात. 1992 पासून उपग्रह समुद्राची उंची मोजतात. चार बोटं ते वीतभर उंचवटा आला की तिथे भोवरा आहे हे कळतं. 'आर्गो' नावाचे हजारो तरंगे जगभरच्या समुद्रांत आहेत. ते हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खाली जाऊन वर येतात आणि उष्णता व मीठ यांची नोंद उपग्रहाकडे पाठवतात. आपल्याकडे हे काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था पाहते. पण समुद्राच्या पोटातला भोवरा उपग्रहाला नीट दिसत नाही, म्हणून जहाज घेऊन जाणारी माणसं लागतातच.

आणि त्यांत बायाही आहेत. एके काळी कितीतरी देशांच्या संशोधन जहाजांवर बाईला चढू देत नसत. नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत 1970 च्या दशकात गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. समुद्रातल्या अतिसूक्ष्म वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला. पाणी ढवळून खालचं खत वर आलं की या वनस्पती फोफावतात, आणि त्यांवर मासे जगतात. 1983 मध्ये त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या. तिथे पोचणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया.

मैत्रिणींनो, एक सांगून थांबतो. इरिल यवनाचं पुढे काय झालं, हे कुठे लिहिलेलं नाही. बाकीचे यवनही इथल्या माणसांत मिसळून गेले असतील. पण त्याने दिलेल्या पोढ्यांची नोंद दगडात आहे. भोवऱ्याचंही तसंच. तो शोधायला गेलं तर सापडत नाही, पण त्याने आणलेलं मीठ आणि ऊब समुद्रात असते, आणि त्याच समुद्राचं पाणी आपल्या पन्हाळीवरून गळतं.

बरणीचा प्रयोग करून पाहा. धागे दिसले का, किती वेळाने दिसले, गार पाण्याऐवजी साधं पाणी घेतलं तर काय झालं, हे गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. आम्ही ते रेडिओवर वाचून दाखवू. नमस्कार.